बोगनवेलीची तहान

जयवंतराव केळुसकरांच्या बोगनवेलीला सगळं होतं. पानं होती, काटे होते, पश्चिमेची गॅलरी होती, दुपारभराचं ऊन होतं, सिमेंटची नवी कुंडी होती आणि दोन वेळचं पाणी होतं. नव्हतं ते फक्त फूल. आता एखाद्या वेलीला फूल येत नाही, ही काही आभाळ कोसळण्यासारखी गोष्ट नव्हे. आचोळे रस्त्यावरच्या त्या चार मजली इमारतीत कुणाकडे काय काय येत नव्हतं! एकाकडे आठ वर्षं टेलिफोन येत नव्हता, एकाकडे सून येत नव्हती आणि वरच्या मजल्यावर तर पाणीच येत नव्हतं. त्यापायी कुणी जेवणाचं ताट सरकवून दिलं नव्हतं. पण जयवंतरावांनी शब्द दिला होता, आणि ज्याला दिला तो आता ‘राहू दे रे’ म्हणायला उरला नव्हता.

तो म्हणजे गॅब्रिएल. जवळच्याच गास गावचा. विमा कंपनीच्या रेकॉर्ड खात्यात बावीस वर्षं जयवंतरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि नव्याण्णवच्या फेब्रुवारीत किडनीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यानं आपल्या फाटकावरच्या बोगनवेलीची एक काडी तुपाच्या जुन्या डब्यात रुजवून जयवंतरावांना आणून दिली होती. फाटकावरची ती वेल म्हणजे दिवाळी ते होळी नुसता राणी रंग. फाटक कुठलं आणि वेल कुठली, हे पोस्टमनलासुद्धा हात घालून बघावं लागायचं.

“जयवंता,” डबा हातात देताना गॅब्रिएल म्हणाला होता, “मी गेलो की माझ्या कबरीवर बाजारातला झेंडू आणून टाकू नकोस. झेंडू सगळेच आणतात. तू ह्याचं फूल आण. एकच आण, पण घरचं आण.”

“तू कुठं निघालास?”

“कुठंही निघालो तरी तुझ्याआधीच पोचणार. तुझं काय, तू रजेचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय मरायचा नाहीस.”

जयवंतराव हसले होते आणि “आणीन” म्हणाले होते. असे शब्द माणूस किती सहज देतो!

गासच्या ख्रिस्ती घरांमध्ये दोन नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस पाळतात. कबरी धुतात, त्यांना चुना लावतात, फुलांनी झाकून टाकतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात आणि फादर ओळीओळीनं आशीर्वाद देत फिरतात. माणूस गेल्यानंतरचा पहिला असा दिवस तर फार जिव्हाळ्याचा. तेव्हा जयवंतरावांपुढचं काम साधं होतं: दोन नोव्हेंबर, फूल एक. मार्चपासून हाताशी आठ महिने होते. आठ महिन्यांत लोक मंत्रिमंडळं पाडतात.

पहिला सल्ला समोरच्या दारातून आला. समोर राहणारी ज्ञानदा शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि शाळा सुटली तरी तिचं शिकवणं सुटत नसे.

“काका, मुळात ज्याला तुम्ही फूल म्हणता ते फूल नाहीच. ती रंगीत पानं. खरं फूल आत असतं, पांढरं, इवलंसं.”

“म्हणजे गॅब्रिएलला मी पान नेऊन वाहू?” जयवंतराव दुखावून म्हणाले.

“तसं नाही. खत घाला. पोषण कमी पडतंय.”

खत आलं. चहाची भुकटी आली, अंड्यांची टरफलं आली. बायकोच्या, म्हणजे सुनंदाबाईंच्या देवघराशेजारी टरफलं वाळत पडली. त्यांनी फक्त देवांचं तोंड दुसरीकडे फिरवलं. वेलीनं ते सगळं आनंदानं खाल्लं आणि पानं काढली. अशी पानं की अळूनं लाजावं. जयवंतराव रोज सकाळी चष्मा लावून एकेका शेंड्याशी नाक नेत. शेंडा हिरवाच.

सुनंदाबाईंचं माहेर मालवणाकडचं. त्यांच्या आईला जात्यावर बसली की ओवी सुचायची. जातं मागे राहिलं, पण ओवी लेकीबरोबर आली होती. आता ती मिक्सरच्या घरघरीतसुद्धा बाहेर पडे:

“पानांवर पानं गं, किती ल्यावी वेलीनं,
एका फुलापायी जीव टांगला धन्यानं.”

“थट्टा करतेस?” जयवंतराव विचारायचे.

“थट्टा नाही हो,” त्या म्हणायच्या, आणि खरंच ती थट्टा नसायची.

एप्रिलात वेलीवर अळी पडली. हिरवी, बोटभर, अंगाची कमान करत चालणारी. बाजारातल्या कोळणीनं सांगितलं, सुक्या बोंबलाचं पाणी घाल दादा. न्हाव्यानं सांगितलं, तंबाखूचं पाणी मारा. जयवंतराव कुणालाही नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी दोन्ही केलं. बोंबलाच्या पाण्यानं अळी गेली नाही, पण तीन मांजरं आली आणि गॅलरीत कायमची मुक्कामाला राहिली. तंबाखूच्या पाण्यानं मात्र अळी गेली. जाताना खालच्या मजल्यावर दोरीवर वाळत घातलेल्या चार पांढऱ्या शर्टांवर तपकिरी नक्षी काढून गेली.

ते शर्ट हर्षवर्धन पोतनिसांचे होते आणि हर्षवर्धन पोतनीस सोसायटीचे सेक्रेटरी होते. नाव सम्राटाचं, अंगकाठी उदबत्तीची. पण लेटरहेडवर सही करायला बसले की ते नावाला जागायचे. ‘आपल्या गॅलरीतून होणाऱ्या रासायनिक वर्षावाबाबत’ अशी पहिली नोटीस मे महिन्यात आली. रेकॉर्ड खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला नोटीस येणं म्हणजे आचाऱ्याला कुणी वरण कसं करावं ते शिकवण्यासारखं. जयवंतरावांनी उत्तर लिहिलं, जावक क्रमांक घातला आणि शर्ट भरून दिले. मान मात्र भरून मिळाला नाही.

मग त्यांनी एक दिवसाची रजा टाकली आणि शेतकी खात्याच्या एका कचेरीत गेले. सोबत पिवळं पडलेलं एक पान पाकिटात आणि सुवाच्य अक्षरातला अर्ज. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाला,

“सातबारा कुठाय?”

“कशाचा?”

“जमिनीचा. पिकाची तक्रार म्हणजे सातबारा लागतो.”

“कुंडी आहे हो. दुसऱ्या मजल्यावर.”

“क्षेत्राच्या रकान्यात काय लिहू मग? हेक्टरमध्ये लागतं.”

जयवंतराव त्याच जातीचे कर्मचारी. रकाना रिकामा राहणं त्यांनाही पटेना. दोघांनी मिळून कागदावर कुंडीचा व्यास काढला, क्षेत्रफळ काढलं आणि हेक्टर करायला घेतलं. दशांशचिन्हापुढची शून्यं रकान्याबाहेर जायला लागली तसा कारकून थांबला.

“पीक कुठलं पण?”

“बोगनवेल.”

“बोगनवेल?” कारकुनानं पेन खाली ठेवलं. “अहो, आमच्या संडासाच्या मागच्या कुंपणाला आहे ती. तिच्याकडे दहा वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नाही. मरणाची फुलते.”

जयवंतराव पाकीट खिशात घालून बाहेर पडले. जिच्याकडे कुणी बघत नाही ती फुलते आणि आपण रोज आपल्या वेलीपुढे हात जोडून उभे! घरापर्यंतच्या सगळ्या वाटेत त्यांना कुंपणं दिसत राहिली. एकूणएक राणी रंगाची.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण खरी कथा पाण्याचीच आहे.

त्या भागात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं, बाकी सगळा टँकरचा कारभार. पंप चालवायला मिठागराकडच्या गावचा काशीराम होता. तो खालून ओरडायचा, “पानी सोडलंय!” आणि मग साऱ्या इमारतीत हंडे, कळश्या, पातेली आणि बायकांचे आवाज एकदम भरायचे. लोक अर्ध्या बादलीत आंघोळ करायचे, त्याच पाण्यात मोजे धुवायचे आणि उरलेलं संडासात ओतायचे. अशा त्या पाणीदार काळात जयवंतराव वेलीला सकाळी एक बादली आणि संध्याकाळी एक बादली पाणी घालत होते. तेही टँकरचं मचूळ नव्हे, नळाचं गोडं, फडक्यातून गाळलेलं.

“काका,” काशीराम एकदा जिन्यात त्यांना म्हणाला, “आज पानी कमी हाय. आधी झाडाची आंघोळ का तुमची?”

“झाडाची,” जयवंतराव गंभीरपणे म्हणाले.

कुंडीच्या भोकातून निथळणारं ते पाणी गॅलरीतून झिरपून पोतनिसांच्या हॉलमध्ये, बरोबर टीव्हीवर ठिबकायला लागलं. बातम्या देणारी बाई एका संध्याकाळी बोलता बोलता हिरवी झाली आणि विझली. सोसायटीची खास सभा बोलावली गेली. विषय क्रमांक तीन: ‘श्री. केळुसकर यांची वेल’.

“आमच्या घरात लहान मूल आहे, आम्ही त्याला दिवसाआड न्हाऊ घालतो,” चौथ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, “आणि हे वेलीला अभिषेक करतात.”

“तोडून टाका म्हणत नाही मी,” पोतनीस म्हणाले. “माणुसकी आहे. पण पाणी खाली येता कामा नये.”

ठराव सर्वानुमते मंजूर झाला: कुंडीचं भोक बुजवावं. जयवंतरावांनी स्वतः अनुमोदन दिलं, कारण टीव्हीचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी सिमेंटचा गोळा करून त्यांनी भोक बुजवलं. आता वेल पाण्यातच उभी. गणपती आले, गेले. पानं हळद लावल्यासारखी पिवळी झाली आणि सकाळी गॅलरीचं दार उघडलं की सात-आठ पानं खाली पडलेली असत. जयवंतरावांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी आणखी घातलं.

“अहो, पुरे ना आता,” सुनंदाबाई एक दिवस बादली धरून म्हणाल्या. “तिला नकोय पाणी.”

“तुला काय माहीत? ती मागत नसेल कशावरून?”

सुनंदाबाईंनी बादली सोडली. ही तहान कुणाची, हे त्यांना माहीत होतं. साऱ्या जगात त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

गॅब्रिएल रुग्णालयात होता तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं: पेशंटला दिवसाला अर्धा लिटर पाणी, औषधाबरोबरचं धरून. त्याहून थेंब जास्त नको. हे काम जयवंतरावांनी आपणहून अंगावर घेतलं, कारण मोजमापात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. औषधाच्या बाटलीचं झाकण त्यांनी माप म्हणून ठरवलं, वेळा कागदावर लिहून पलंगाच्या दांडीला टांगल्या. शेवटच्या गुरुवारी दुपारी गॅब्रिएलची बायको आल्बिना आंघोळीला घरी गेली होती आणि जयवंतराव खुर्चीवर बसले होते.

“जयवंता, एक घोट दे.”

“पाच वाजता.”

“आता किती झाले?”

“सव्वातीन.”

“घड्याळ पुढं कर ना रे. तुझ्या बापाचं काय जातंय?”

जयवंतराव हसले. त्याच्या सुकलेल्या ओठांवरून ओला बोळा फिरवला आणि म्हणाले, “नियम आहे, गॅब्रिएल.” गॅब्रिएल मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. साडेचारला आल्बिना आली, जयवंतराव निघाले. पहाटे गॅब्रिएल गेला. पाचचं झाकण त्याला मिळालं की नाही, हे विचारायचं धाडस जयवंतरावांना आजवर झालेलं नव्हतं.

एवढंच होतं ते. तेव्हापासून त्यांना कुणालाच पाण्याला नाही म्हणता येत नव्हतं. दारावरच्या विक्रेत्याला ते तांब्याभर द्यायचे, मांजरांना वाडगाभर ठेवायचे आणि वेलीला तर काय, बादल्या.

नवरात्र बसलं तसा त्यांचा धीर सुटला. महिनाही उरला नव्हता. एका रविवारी त्यांनी वेलीची एक फांदी डब्यात घातली आणि गासला गेले. गॅब्रिएल गेल्यानंतर ते त्या घरी पहिल्यांदाच जात होते. आठ महिन्यांत जमलं नव्हतं; दर वेळी काहीतरी अडचण यायची आणि अडचण आली की त्यांना हायसं वाटायचं.

फाटकावरची वेल नुकती कळ्यांना आली होती. आल्बिना ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. नेसण काळं. त्यांना बघून ती उठली, पाणी आणून पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, “बऱ्याच दिवसांनी वाट सापडली, जयवंतभाऊ.”

“फूल येत नाही, वहिनी,” जयवंतराव म्हणाले आणि डबा उघडला.

आल्बिनानं पान उलटं करून बघितलं, देठ नखानं दाबला. “पाणी किती घालता?”

“दोन बादल्या.”

“आठवड्याला?”

“रोज.”

“देवा!” आल्बिना म्हणाली. “कुंडीला भोक तरी आहे ना?”

“होतं. सोसायटीच्या ठरावानं बुजवलं.”

आठ महिन्यांत पहिल्यांदा आल्बिनाला हसू आलं. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मग बराच वेळ तो काढला नाही. “तो असता तर हे ऐकून लोळला असता,” ती म्हणाली. मग शेंगांचं सूप बाजूला सारून तिनं नीट सांगितलं. “भोक मोकळं करा. खत बंद. आणि पाणी तोडा. ही वेल लाडानं पानं काढते. तहान लागली, पानं मान टाकायला लागली, की तिला वाटतं आता आपलं काही खरं नाही, मग फुलते. आमचा गॅब्रिएल नवरात्रात तीन आठवडे तिला थेंब दाखवायचा नाही.”

“तीन आठवडे?”

“मरत नाही ती. नुसतं बघायचं आणि पाठ फिरवायची.”

जयवंतरावांनी पुढ्यातलं पाणी तसंच ठेवलं आणि उठले.

भोक फोडलं. पाणी तोडलं. बातमी इमारतभर पसरली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा सगळी सोसायटी एकदिलानं जयवंतरावांच्या पाठीशी उभी राहिली. नवऱ्याला आवरणं आपल्या हातून होणार नाही हे ओळखून सुनंदाबाईंनी गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं, कपडे आतल्या दोरीवर घेतले आणि किल्ली खाली पोतनिसांच्या हवाली केली. पोतनिसांनी ती दोन्ही हातांनी घेतली. इतकी मोठी जबाबदारी सोसायटीनं त्यांच्यावर कधी टाकली नव्हती.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी शेंडे लवले. सहाव्या दिवशी पानं खाली झुकली, गुंडाळली गेली. दाराच्या काचेतून जयवंतराव बघायचे. ऑफिसातून आले की चहा तसाच ठेवून काचेशी उभे राहायचे.

“छान चाललंय काका,” ज्ञानदा येऊन बघून म्हणाली. “आता खरा ताण बसला. आठवडाभर कळ काढा.”

नवव्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. दुपारचं ऊन गॅलरीत तापत पडलं होतं. वेल काचेच्या पलीकडे मान टाकून, भिंतीकडे कलून उभी होती. जयवंतरावांनी घड्याळ बघितलं. सव्वातीन झाले होते.

ते तसेच, बनियनवर, जिना उतरून खाली गेले.

“किल्ली द्या, पोतनीस.”

“अहो काका!” पोतनीस खुशीत होते. “अजून बारा दिवस. कागदावर लिहून ठेवलंय मी.”

“एक तांब्या. एकच. कुणाला सांगू नका.”

“नाही म्हणजे नाही. काकूंनी बजावलंय. नियम म्हणजे नियम, तुम्हीच तर—” बोलता बोलता पोतनिसांनी वर पाहिलं. समोर सत्तावन्न वर्षांचा माणूस बनियनवर उभा होता, हात पुढे केलेला, पायांत चपलाही नाहीत.

“काका? काय झालं?”

“दे रे,” जयवंतराव म्हणाले. पोतनिसांना त्यांनी कधी एकेरी हाक मारली नव्हती. “तुझ्या बापाचं काय जातंय?”

पोतनिसांनी किल्ली दिली. पुढे काय करावं ते न कळून स्वतःच्या घरातला पाण्याचा हंडा उचलला आणि मागोमाग जिना चढले. त्या दिवशी टँकर आला नव्हता. हंडा त्यांच्या घरातला शेवटचा होता. जयवंतरावांनी तो सगळा ओतला. माती चुळचुळ आवाज करत प्यायली. संध्याकाळपर्यंत पानं उठून बसली, आणि आठवड्याभरात फांदीफांदीला नवी पालवी फुटली. हिरवीगार.

दोन नोव्हेंबरला जयवंतरावांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सुनंदाबाईंनी विचारलं, “झेंडू आणू का थोडा?” ते नको म्हणाले. मग त्यांनी जे केलं ते पूर्ण शुद्धीवर केलं: पोतनीस आणि काशीराम यांच्या मदतीनं कुंडी दोन जिने खाली उतरवली आणि रिक्षात चढवली.

“ह्याचं वेगळं भाडं पडेल,” रिक्षावाला म्हणाला. “सीट एकच आहे. तुम्ही बसणार का झाड?”

“दोघं.”

गासपर्यंत जयवंतराव कुंडीला मिठी मारून बसले. काट्यांनी हातावर, गालावर ओरखडे काढले. दफनभूमीच्या फाटकापर्यंत पोचले तेव्हा ते कुणाच्या तरी मारामारीतून सुटून आल्यासारखे दिसत होते.

दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. चुना लावलेल्या कबरींवर झेंडू, शेवंती, गुलाब. घराघरातली माणसं नव्या कपड्यांत उभी. वाऱ्यात मेणबत्त्या सांभाळणारे, ओंजळ केलेले हात. त्यातून एक अनोळखी गृहस्थ फुलं नसलेली भली मोठी कुंडी छातीशी धरून धापा टाकत चालले होते आणि लोक बाजूला होऊन त्यांना वाट देत होते.

गॅब्रिएलच्या कबरीशी आल्बिना एकटीच होती. फाटकावरच्या राणी रंगानं कबर झाकली होती. जयवंतरावांनी कुंडी टेकवली, पाठ सरळ केली आणि कबरीकडे न बघता म्हणाले, “फूल नाही आलं, वहिनी. नवव्या दिवशी मी पाणी घातलं.”

“का घातलंत?”

“त्या दिवशी,” जयवंतराव म्हणाले, “तुम्ही घरी गेला होतात तेव्हा, सव्वातीनला त्यानं पाणी मागितलं. मी पाच वाजता म्हटलं.” बत्तीस वर्षं सगळ्यांची उत्तरं लिहिणारा माणूस, पण वाक्य पुरं होईना. “पाचला मी नव्हतो.”

आल्बिनानं एक मेणबत्ती विझली होती ती दुसरीवर धरून लावली. बराच वेळ ती कबरीवर नीट बसेना.

“मी दिलं,” ती म्हणाली.

“झाकणभर?”

“ग्लासभर. घरून बाटली भरून नेली होती. आमच्या विहिरीचं. पिशवीत कपड्यांखाली लपवली होती. तुम्ही जिना उतरलात आणि मी दार लोटून त्याला बसवलं. गटागटा प्यायला. ‘आणखी’ म्हणाला. मी आणखी दिलं.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “पहाटे डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरलं. मी कुणाला बोलले नाही. फादरांपुढे पापनिवेदनाला बसते, सगळं सांगते, हे तेवढं गिळून उठते. मुलाला कसं सांगू, तुझ्या बापाला मीच—”

शेजारच्या ओळीतून प्रार्थनेचा आवाज जवळ येत होता. जयवंतराव खाली, जमिनीवरच बसले. नऊ महिने त्यांनी डोळे मिटले की एक सुकलेलं तोंड भिंतीकडे वळत होतं. आता त्या तोंडाला ग्लास लागला होता, आणि हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

“पिऊन काही बोलला?” त्यांनी विचारलं.

“म्हणाला, ‘घरचं आहे.’ आणि झोपला. शांत झोपला हो. कितीतरी दिवसांनी.”

जयवंतरावांच्या गालावरच्या ओरखड्यांना खारं पाणी लागून ते झोंबायला लागले. ते त्यांनी पुसलं नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “बरं केलंत.”

आल्बिनानं त्यांच्याकडे बघितलं. ऐकू आलं नसावं तशी ती पुढे झुकली.

“काय म्हणालात?”

“बरं केलंत. माझ्यानं जे झालं नाही ते केलंत. तो तहानलेला गेला नाही.”

तिनं पदर तोंडाशी धरला. खांदे हलायला लागले. फादर त्यांच्या ओळीत वळले, माणसं मागं सरकली, आणि कुंडीपाशी बसलेल्या त्या दोघांना उठायचं भान राहिलं नाही. तिनं पदराआडून आणखी एकदा विचारलं. जयवंतरावांनी अजिबात घाई न करता, एकेक शब्द वेगळा करून, पुन्हा सांगितलं.